खरेदीखत कीं गहाणखत?

शेतकऱ्याची जमीन जाण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. नदी ती कापून नेते, सरकार ती धरणासाठीं घेतें, भाऊबंदकीच्या दाव्यांत ती तुकड्यातुकड्यांनीं सरते. परंतु या सर्वांहून अधिक गुपचुपपणें, आणि धन्याच्याच सहीनें, ती जाते ती खरेदीखताच्या कागदावरून. कर्ज घ्यावयाचें पन्नास हजारांचें किंवा लाख-दोन लाखांचें, आणि तारण म्हणून लिहून द्यावयाचें कायम खुषखरेदीचें खत, ही चाल आपल्या जिल्ह्यांत नवी नाहीं व बंदही झालेली नाहीं. महसूल खात्याच्या दप्तरांत आमच्या नोकरीचीं वर्षें गेलीं. फेरफाराच्या वहींत ज्या नोंदी ‘खरेदीनें’ म्हणून पडत, त्यांतील कित्येकांत विक्री करण्याचा हेतु लिहून देणाराच्या मनांत मुळींच नव्हता, हें साऱ्या गांवास ठाऊक असे. कागदास मात्र ठाऊक नसे.

आज या विषयावर लिहिण्याचें कारण असें कीं, या दुखण्यावर औषध कायद्यांत आहे, पण तें बहुतेकांस माहीत नाहीं. आणि ज्यांस माहीत आहे त्यांच्याही हातीं तें एकट्याच्या बळावर लागत नाहीं. तें कां लागत नाहीं व कसें लागेल, एवढेंच सांगण्याचा आमचा हेतु आहे.

राजूर, देवगांव, भंडारदरा या मुलखांतील वाचकांस सावकारीच्या तंट्याची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. देवगांवचे राघोजी भांगरे यांनीं सावकार व इंग्रज सरकार या दोघांविरुद्ध बंड उभारलें. २ मे १८४८ रोजीं ठाण्यास त्यांस फांशी देण्यांत आली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १८७५ च्या मे महिन्यांत, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उठला व तो पुणें आणि अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरला. आपल्या जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांतील गांवें त्यांत होतीं. या दंग्यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लोकांचा रोख सावकाराच्या रोकडीपेक्षां त्याचे रोखे, खतें व हुकूमनामे यांवर होता. ते हस्तगत करून जाळावे एवढेंच त्यांस पाहिजे होतें. जेथें सावकारानें कागद निमूटपणें काढून दिले, तेथें बहुधा त्याच्या अंगास हात लागला नाहीं. अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या त्या कुणब्यांनीं रोगाचें ठिकाण बरोबर ओळखलें होतें. रोग पैशांत नव्हता, कागदांत होता.

आणि कागदास तें बळ कायद्यानेंच दिलें होतें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें बिननोंदणी रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनें कर्ज पिढ्यान् पिढ्या लांबवून कुळास छळूं नये, हा त्यांतील हेतु. घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून सावकार नवा रोखा लिहवून घेऊं लागला, आणि न्यायालय त्या नव्या रोख्यावरचा आंकडा पाहून हुकूमनामा देऊं लागलें. मुळांत हातावर रुपये किती पडले, हें विचारण्याची पद्धतच नव्हती. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव चढला व शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपतांच भाव उतरला, परंतु कर्ज उतरलें नाहीं. त्यांतच साऱ्याची नवी आकारणी डोक्यावर बसली. मग दंगा झाला, आयोग बसला, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला.

हा कायदा आजही अभ्यासण्यासारखा आहे. न्यायाधीशानें रोख्यावरच्या आंकड्याशीं न थांबतां देण्याघेण्याचा इतिहास आरंभापासून तपासावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब निराळा मांडावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये, व सावकारानें फेडीची पावती द्यावी, असे नियम त्यांत होते. शेतकऱ्याचें खत ग्रामनिबंधकासमोर, त्यास मजकूर समजावून देऊन, लिहिलें जावें अशीही योजना होती. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं खास न्यायाधीश म्हणून काम केलें. परंतु सावकारी ही पाण्यासारखी आहे. एक वाट अडविली म्हणजे ती दुसरी शोधते. गहाणाचा हिशेब न्यायालय उकलून पाहतें हें दिसतांच सावकारांनीं गहाण घेणें कमी करून सरळ विक्रीचें खत मागण्यास आरंभ केला. विक्री झाली म्हणजे हिशेब कशाचा मागावयाचा? तेव्हां पुढें कायद्यांत दहा-अ हें कलम घालावें लागलें. त्याचा सारांश असा कीं, कागदावर विक्री लिहिली असली तरी तो व्यवहार वास्तविक गहाणाचा होता, हें शेतकऱ्यास तोंडी पुराव्यानें दाखवितां यावें.

हें कलम म्हणजे आपल्या मतें त्या साऱ्या कायद्याचें मर्म होय. पुढें १९४७ सालीं मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायदा आला व त्यानें १८७९ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्यांतही विक्रीच्या नांवाखालील गहाण ओळखून काढण्याची सोय होती. परंतु त्याखालीं अर्ज करण्यास मुदत होती. ती सरली आणि शेतकरी पुन्हा सर्वसाधारण कायद्याच्या हवालीं झाला.

सर्वसाधारण कायदा या बाबतींत काय म्हणतो तें प्रत्येक खातेदारानें नीट समजून घ्यावें. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या ५८ व्या कलमांत ‘मुदतखरेदी’ हा गहाणाचा एक प्रकार सांगितला आहे. पैसे फेडल्यास जमीन परत, अशी तींत अट असते. परंतु १९२९ सालीं त्यास एक पुस्ती जोडण्यांत आली. परत देण्याची अट त्याच खतांत लिहिलेली असली तरच तें गहाण. अट निराळ्या कागदावर असेल तर तें गहाण नव्हे. आपल्याकडे होतें काय? खरेदीखत नोंदलें जातें कचेरींत, आणि ‘पैसे दिले कीं जमीन परत देईन’ हें लिहिलें जातें शंभर रुपयांच्या कागदावर, आणि कित्येकदां तेंही नाहीं, नुसता शब्द. त्या दुसऱ्या कागदानें खरेदीखत गहाण होत नाहीं, आणि शब्द तर वाऱ्यावर जातो. लेखी दस्ताच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाहीं, हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या ९२ व्या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे.

मुदतीचा फरक तर याहून डोळे उघडणारा आहे. जमीन गहाण असेल तर ती सोडविण्यास १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें तीस वर्षें दिलीं आहेत. खरेदीखत रद्द करून मागावयाचें असेल तर, रद्द करण्याचें कारण कळल्यापासून अवघीं तीन. म्हणजे कागदाच्या माथ्यावर एक शब्द बदलला कीं शेतकऱ्याचीं सत्तावीस वर्षें जातात. न्यायाचें दार अगदींच बंद आहे असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं असें सांगितलें कीं, दस्त हा केवळ देखाव्यापुरता असून त्याप्रमाणें व्यवहार करण्याचा उभयतांचा हेतुच नव्हता, हें दाखविण्यास तोंडी पुराव्याची आडकाठी नाहीं. परंतु दिवाणी दाव्याचा खर्च व काळ ज्यांनीं पाहिला आहे, ते या दाराशीं जाण्यापूर्वीं दहादां विचार करतील.

यासाठींच २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा महत्त्वाचा आहे. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागीं तो आला. परवान्याशिवाय सावकारी करणें हा त्याखालीं अपराध असून पांच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सरकारनें ठरविलेला व्याजाचा कमाल दर शेतीच्या तारणी कर्जास सालीना शेंकडा ९ व बिनतारणी कर्जास १२ आहे. चक्रवाढ व्याज घेण्यास व मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे; दामदुपटीचा आपला प्राचीन नियमच येथें पुन्हा लिहिला गेला आहे. आणि या कायद्याचें १८ वें कलम त्या जुन्या दहा-अ कलमाचें नातवंड होय. सावकारीच्या ओघांत विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य रीतीनें सावकाराकडे गेलेली स्थावर मिळकत, ठरलेल्या मुदतींत तक्रार आल्यास, जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देववूं शकतात व तें खत अवैध ठरवूं शकतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरींत करावयाचा. त्यासाठीं दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत नाहीं.

येवढें चांगलें औषध असतां रोगी बरा कां होत नाहीं? येथेंच खरी अडचण आहे. हें कलम चालतें तें सावकाराविरुद्ध. ज्यानें जमीन लिहून घेतली तो सावकारीचा धंदा करतो, मग परवाना असो वा नसो, हें आधीं सिद्ध व्हावें लागतें. आणि एकट्यादुकट्या व्यवहारावरून कोणी धंदेवाईक सावकार ठरत नाहीं. चौकशीच्या दिवशीं लिहून घेणारा शांतपणें सांगतो, ‘मीं जमीन विकत घेतली आहे, सरकारी मोलानें शुल्क भरलें आहे, रक्कम भरून पावल्याचें यांनींच लिहून दिलें आहे.’ शेतकरी म्हणतो, ‘मला त्यांतले चौथाई पैसेही मिळाले नाहींत.’ पुरावा विचारला तर तो आजूबाजूस पाहतो. ज्या शेजाऱ्यांनीं त्याच माणसाकडून, त्याच अटीवर, तसाच कागद करून पैसे उचलले आहेत, ते त्या दिवशीं लग्नास गेलेले असतात, नाहींतर त्यांच्या पायास दुखणें झालेलें असतें. उद्यां आपणांसही त्याच दाराशीं जावें लागेल ही भीति त्यांच्या मनांत असते, आणि ती खोटी नाहीं. अर्ज फेटाळला जातो आणि कायदा निरुपयोगी आहे असा बोभाटा होतो. वास्तविक कायदा हरला नाहीं, गांव हरला.

सरकारच्या कर्जमाफीचाही या माणसास उपयोग होत नाहीं. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची व २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, या दोन्ही योजना बँका व सोसायट्या यांच्या कर्जासाठीं होत्या. २०१५ सालीं विदर्भ व मराठवाडा यांतील सावकारी कर्ज सरकारनें आपल्या शिरावर घेतलें, तेंही परवानाधारक सावकारांचें. ज्याचें कर्ज खरेदीखताच्या पोटांत दडलें आहे त्याच्याकडे कागदोपत्रीं कर्जच नाहीं, मग माफी कशाची? वर्तमानपत्रांतून माफीच्या आंकड्यांची चर्चा महिनोगणती चालते. या बिनआंकड्याच्या कर्जाची आठवण कोणी जीव दिल्यावर दोन दिवस होते.

आपल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागास एक निराळी ढाल आहे. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊं शकत नाहीं, असें महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचें ३६-अ कलम सांगतें. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीं निराळा कायदा १९७४ सालीं झाला. महादेव कोळी व ठाकर बांधवांच्या जमिनी पुष्कळ अंशीं टिकल्या त्यास ही ढाल कारण आहे. परंतु ढालीखालूनही बाण जातो. सातबाऱ्यावर नांव आदिवासीचें, आणि वहिवाट व पीक दुसऱ्याचें, असा प्रकार जेथें असेल तेथें तोही सावकारीचाच एक अवतार समजावा.

या विचारावर एक आक्षेप येतो व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कित्येक जाणते लोक म्हणतात कीं, असे कायदे कडक केले म्हणजे अडीनडीला पैसा देणारा माणूसच नाहींसा होईल. रात्रीं दोन वाजतां घरांत बाळंतीण अडली तर बँकेचें दार उघडें नसतें; सावकाराचें असतें. १८७९ च्या कायद्याविषयींही त्या काळीं हाच आक्षेप होता. यांत तथ्य आहे. पण तें अर्धें आहे. प्रामाणिक देणाऱ्यास कायद्यानें तारण घेण्यास बंदी केलेली नाहीं. गहाणखत त्यास मोकळें आहे. नजरगहाण घ्यावें, परवाना घ्यावा, ठरलेल्या दरानें व्याज घ्यावें. ज्यास पैसे परत पाहिजेत त्याचें काम गहाणानें भागतें. खरेदीखत त्यासच लागतें, ज्यास पैसे परत नको असून जमीन पाहिजे. अशा माणसाचा पैसा आटला तर शेतकऱ्याचें नुकसान काय?

शिवाय शेतकरी सोसायटी सोडून त्या दारीं कां जातो, याचें उत्तर पुष्कळदां आमच्या जुन्या दप्तरांतच सांपडतें. तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास व्याज पडूं नये अशी योजना २०२१ पासून झाली आहे. परंतु सातबाऱ्यावर नांव असतें मयत बापाचें, कोठें आजोबांचें. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आंत द्यावी असें कायदा सांगतो. आपण ती बाराव्या-तेराव्याच्या गडबडींत विसरतों व तीस वर्षें विसरूनच राहतों. मग बँक म्हणते, नांव लावून आणा. भाऊ म्हणतात, आधीं वाटप करा. आणि पेरणी तर आठ दिवसांवर आलेली. अशा वेळीं जो मनुष्य कागद न विचारतां पैसे देतो, तो शेवटीं एकच कागद विचारतो.

तेव्हां उपाय दोन बाजूंनीं झाला पाहिजे. सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, शेतजमिनीचें खरेदीखत नोंदतांना दुय्यम निबंधकानें लिहून देणारास तीन प्रश्न तोंडी विचारावे व उत्तरें दस्तावरच लिहावीं: या दोघांत कांहीं कर्ज आहे काय, मोबदला कोणत्या मार्गानें मिळाला, आणि उद्यांपासून शेत कोण कसणार? १८७९ च्या ग्रामनिबंधकाचें काम हेंच होतें. आज अंगठ्याचा ठसा व छायाचित्र यंत्रावर घेतां येतें, पण मनुष्यास काय समजलें हें यंत्र विचारीत नाहीं. दुसरी, शेतकऱ्यानें लिहिलेलें खरेदीखत वास्तविक तारणाचें होतें हें तोंडी पुराव्यानें दाखविण्याची जुनी मुभा, समोरचा धंदेवाईक सावकार असो वा नसो, कायद्यांत पुन्हा यावी. तिसरी, १८ व्या कलमाखालील चौकशीस बांधील मुदत असावी, आणि ती चालू असेपर्यंत तशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत राहावी, म्हणजे मधल्या काळांत जमीन तिसऱ्याच्या हातीं जाणार नाहीं.

परंतु सरकारची वाट पाहत बसणें शेतकऱ्यास परवडत नाहीं. राजूरच्या प्रदर्शनांत डांगी बैल घेतांना आपण त्याचे दांत मोजतों, खूर दाबून पाहतों, चालवून पाहतों, चार जाणत्यांस विचारतों. तोच मनुष्य जमिनीचा कागद न वाचतां सही करतो, हें नवल आहे. कर्जासाठीं खरेदीखत कोणीही, कितीही अडचण असली तरी, करूं नये. तारण द्यावेंच लागलें तर गहाणखत करावें. मुदतखरेदी असेल तर परत देण्याची अट त्याच खतांत लिहवावी. पैसे बँकेच्या खात्यावरून घ्यावे, तेथूनच फेडावे, व पावती मागतांना लाजूं नये. कोऱ्या कागदावर सही घेणें हा सावकाराचा अपराध आहे, तो आपण त्यास करूं देऊं नये. ज्यांच्या हातून खत होऊन गेलें आहे त्यांनीं कब्जा सोडूं नये, ई-पीक पाहणी आपल्या नांवें दरसाल नोंदवावी, व शेतसाऱ्याच्या पावत्या जपाव्या. विक्रीनंतरही शेत देणाराच कसतो आहे व मोल बाजारापेक्षां फारच कमी आहे, या खुणांवरूनच चौकशी करणारा मनुष्य खरें काय तें ओळखतो. फेरफाराची नोटीस आल्यास पंधरा दिवसांच्या आंत तलाठ्याकडे (आतां त्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लेखी हरकत द्यावी व तिची पोंच घ्यावी. फेरफारानें मालकी ठरत नाहीं हें खरें. परंतु हरकत न घेतल्याची गोष्ट पुढें आपल्याविरुद्ध बोलते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट साक्षीची. आमच्या संघाच्या सभासदांस आमची हीच विनंति आहे कीं, गांवांतील एखाद्यानें १८ व्या कलमाखालीं अर्ज केला तर त्याच माणसाशीं ज्यांचे ज्यांचे व्यवहार झाले असतील त्यांनीं एकाच दिवशीं, एकत्र जाऊन, जबाब द्यावे. एकट्याच्या जबाबानें सावकार सिद्ध होत नाहीं. सातजणांच्या जबाबापुढें त्यास ‘मी खरीददार’ म्हणतां येणार नाहीं. एकत्र गेलेल्यांपैकीं कोणा एकावर राग काढणेंही मग त्यास सोपें जात नाहीं. १८७५ सालीं आपल्या जिल्ह्यांतील गांवें रोखे जाळण्यासाठीं एक झालीं, व त्याबद्दल लोकांनीं तुरुंग भोगला. आज कांहीं जाळावयास नको. त्यांतली निम्मी एकी जरी खरें बोलण्यासाठीं दाखविली, तरी जो कागद त्यांस जाळून नष्ट करावा लागला तो आपणांस कायद्यानेंच रद्द करून घेतां येईल.